रांगेत पुढचं कोण

१

शहरातल्या सगळ्या ग्रंथालयांचा कारभार ज्या सर्व्हरवर चालायचा, तो मुख्य ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला एका खोलीत ठेवला होता. पूर्वी त्या खोलीत फाटकी पुस्तकं शिवायला माणसं बसायची. आता तिथे दोन एसी, एक लोखंडी कपाट, कपाटात घरघरणारी यंत्रं आणि कोपऱ्यात टेबल-खुर्ची टाकून बसलेले मास्तर. मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. पण कुणी साधा प्रश्न विचारला तरी हा गृहस्थ खुर्ची मागे सारून, हातवारे करून पार मुळापासून समजावत बसायचा, म्हणून काउंटरवरच्या लोकांनी ते नाव ठेवलं होतं आणि ते चिकटलं.

वर्षभरापूर्वी बायको गेली आणि मास्तरांचं समजावणं बंद पडलं. ते रडले वगैरे नाहीत. कामावर यायचे, काम करायचे, घरी जायचे. दाढ काढण्याआधी सुई टोचली की गाल जसा होतो, तसे ते सगळेच्या सगळे झाले होते. बायको याच इमारतीत वरच्या मजल्यावर होती, नव्या पुस्तकांची वर्गवारी करायची. त्यामुळे मास्तर हल्ली जिन्याकडे बघायचं टाळायचे, एवढाच काय तो फरक लोकांना दिसायचा.

त्या दुपारी ग्रंथपालबाई स्वतः खोलीत आल्या. बाई मनाने चांगल्या, पण तोंडाने फटकळ.

"मास्तर, तुमचं यंत्र परत रुसलंय. नदीकाठच्या शाखेत लोक पुस्तकं हातात घेऊन उभे आहेत आणि काउंटरवर नुसतं 'थांबा' येतंय."

"बघतो."

"बघतो काय? झालंय काय ते तरी सांगा. एरवी न विचारता तासभर सांगता."

मास्तरांनी डोळे चोळले. "सर्व्हरच्या आत ठरावीक खुर्च्या आहेत असं समजा. काउंटरवर कुणी बटण दाबलं की ते कनेक्शन आत येतं, एका खुर्चीवर बसतं, काम उरकतं आणि उठतं. खुर्च्या भरल्या की बाहेर रांग लागते. एक उठला की रांगेतला पुढचा आत येतो."

"मग उठवा की कुणाला तरी!"

"उठवता येतं. पण उठवलेला घरी जात नाही. तो परत येऊन रांगेच्या शेपटाला उभा राहतो. तसंच लिहिलंय."

"कुणी लिहिलंय?"

"मीच."

बाईंनी कपाळाला हात लावला. "आणि खुर्च्या भरल्या कशा? आज काही एवढी गर्दी नाही."

"कुणीतरी येऊन नुसतं बसतंय," मास्तर म्हणाले. "काम काही सांगत नाही आणि उठायचं नावही घेत नाही."

बाई गेल्यावर त्यांनी पडद्यावर बघितलं. निम्म्याहून जास्त खुर्च्या एकाच खात्याने अडवल्या होत्या. सगळ्या रिकाम्या बसलेल्या. खातं त्यांच्या बायकोचं होतं.

२

माणूस नोकरीतून गेलं की त्याचं खातं बंद करायचं असतं, आणि ते काम मास्तरांचंच. त्यांनी ते केलं नव्हतं. दर महिन्याला उद्या करू म्हणायचे. आपल्या हाताने तिचं नाव पुसायचं, तेवढं बळ त्यांच्यात नव्हतं आणि तसं कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

पण घाबरण्यासारखं काही नव्हतं. तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर पासवर्ड राहिला असेल, कुणी चालू ठेवून गेलं असेल. मास्तर वर्षभरात पहिल्यांदा जिना चढले. तिच्या जागेवर पुस्तकांचे गठ्ठे रचले होते. कॉम्प्युटर गठ्ठ्यांच्या मागे, वायर काढून गुंडाळलेला, वर बोटभर धूळ. शेजारच्या टेबलावरची बाई त्यांना बघून चटकन उभी राहिली आणि पुन्हा बसली. मास्तर खाली आले.

संध्याकाळी घरी गेले तर मोठ्या बहिणीने दारातच गाठलं. ताई पंधरा दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या त्या वर्षभर राहिल्या. त्या नसत्या तर घराचं काय झालं असतं ते मास्तरांना ठाऊक होतं, पण तसं ते कधी बोलले नव्हते.

"आजही तेच," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "शाळेतून आली ती थेट आतल्या खोलीत. दार लोटून बसते. हाक मारली तर 'हं'. दूध नेऊन दिलं तर त्यावर साय धरेपर्यंत तसंच."

"बसू दे."

"बसू दे, बसू दे! तुझं आपलं एकच. तू बसलेला, ती बसलेली आणि मी एकटी भांड्यांशी बोलते. अरे, सात वर्षांची पोर आहे ती. दिवसभरात चार शब्द नाही बोलत."

ठकी, म्हणजे मास्तरांची मुलगी, जेवायला बाहेर आली. पूर्वी हिला गप्प बसवायला लाच द्यावी लागायची. आता ती खाली बघून जेवली, ताट उचलून ठेवलं, वडिलांच्या जवळून गेली आणि जाताना त्यांच्या शर्टाच्या बाहीला बोट लावून गेली. तेवढंच ती रोज करायची. मास्तरांच्या दिवसात जिवंत असं तेवढंच होतं, आणि ते जाऊ नये म्हणून ते तिला काही विचारत नसत.

३

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सर्व्हर ठणठणीत होता. शाळा सुटायची वेळ झाली आणि खुर्च्या भरायला लागल्या.

मास्तरांनी बायकोच्या खात्याचं एक कनेक्शन तोडलं. त्या जागी लगेच दुसरं आलं, खातं तेच. तेही तोडलं. तिसरं आलं. आपला प्रोग्राम कुठेतरी गळतोय, एकच माणूस वेड्यासारखा पुन्हा पुन्हा आत येतोय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. असं होतं. मास्तरांनी आयुष्यात असे कितीतरी घोळ निस्तरले होते.

मग त्यांनी केलं ते असं, की एरवी दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला उभा-आडवा झापला असता. दुखणं शोधायचं सोडून त्यांनी खुर्च्याच वाढवल्या. या धंद्यातला हा जुना आळस. कनेक्शनांची मर्यादा वाढवून ठेवायची, तक्रारी थांबतात, साहेब खूश होतात आणि गळती आपली आत चालूच राहते.

चहाचा कप संपायच्या आत नव्या खुर्च्याही भरल्या.

कपाटातल्या पंख्यांचा आवाज बदलला होता. काम वाढलं की पंखे जोराने फिरतात हे मास्तरांना पाठ होतं. पण काम काहीच नव्हतं. आत बसलेल्यांपैकी एकानेही काही विचारलं नव्हतं, एक पुस्तक मागितलं नव्हतं. यंत्र थंड होतं. खोली मात्र गरम व्हायला लागली, दोन्ही एसी चालू असताना, माणसांनी भरलेली खोली होते तशी. मास्तरांनी खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि कामाला लागले. थोड्या वेळाने पुन्हा सरकवली. तिसऱ्यांदा सरकवताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण कुणालातरी जायला वाट देतोय.

ते उठून दारात जाऊन उभे राहिले. बाहेर वाचनकक्षात पेन्शनर मंडळी वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसली होती, कुणीतरी शिंकलं, कुणीतरी कुणाला गप्प केलं. सगळं नेहमीचं. झोप कमी पडतेय, दुसरं काय, असं म्हणून मास्तर आत आले. प्रत्येक कनेक्शन कुठून येतं त्याचा पत्ता सर्व्हरला माहीत असतो. हे खरं म्हणजे कालच बघायला हवं होतं.

सगळ्यांचा पत्ता एकच निघाला. तो त्यांच्या घरचा होता.

४

ताई बाजारात गेल्या होत्या. मास्तरांनी किल्लीने दार उघडलं आणि चपला न काढताच आतल्या खोलीशी गेले.

ठकी पलंगावर, भिंतीला टेकून. मांडीवर आईचा जुना लॅपटॉप. पडद्यावर ग्रंथालयाचा प्रोग्राम उघडा, शोधायचा चौकोन कोरा आणि त्यात लुकलुकणारी रेघ. वरच्या कोपऱ्यात 'स्वागत' आणि पुढे आईचं नाव. आई घरून काम करायची तेव्हा पासवर्ड आपोआप पडायची सोय मास्तरांनीच करून दिली होती.

मास्तरांना एवढं हलकं वाटलं की ते तिथेच जमिनीवर बसले. म्हणजे गळती नाही, भूत नाही, काही नाही. पोरगी शाळेतून येते आणि आईचं नाव बघत बसते.

"काय करतेस गं?"

"बसलेय," ठकी म्हणाली. वर्षभरात तिने दिलेलं हे बहुधा पहिलंच सरळ उत्तर. "आई मला शेजारी बसवायची ना काम करताना. तशी."

"रोज?"

मान हलली.

"बरं. पण ठकू, तू ही खिडकी किती वेळा उघडतेस? एकदाच ना? का सारखी सारखी?"

"एकदाच."

"मग तिकडे एवढी कनेक्शनं कशी येतात माझ्याकडे?"

ठकीने पडद्यावरची नजर काढली नाही. "ते माझ्यामागून येतात," ती म्हणाली. "मी पहिली असते."

"कोण?"

तिने खांदे उडवले. लहान मुलं काहीही बोलतात. मास्तरांनी उगाच पलंगाच्या पलीकडे बघितलं. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये हात जाईल एवढीही जागा नव्हती.

"आई असते त्यांच्यात?" विचारून झाल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला.

"दिसत नाही अजून," ठकी म्हणाली. "गर्दी खूप आहे."

लॅपटॉप काढून घ्यावा असं त्यांच्या मनात आलं. हात पुढेही गेला. पण ती वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली होती, आणि तेच हिसकावून घ्यायचं? ताई आल्या, त्यांनी दारातून दोघांना बघितलं आणि तोंडावर बोट ठेवून मागे सरकल्या. मास्तरांनी लॅपटॉप राहू दिला. कनेक्शनांचा बंदोबस्त ऑफिसातून करता येईल, त्यात पोरीला कशाला दुखवायचं.

५

बंदोबस्त अगदी साधा होता. बायकोच्या खात्यावर जे रिकामं बसलेलं सापडेल ते सर्व्हरने आपोआप तोडायचं. सगळ्यात जुनं आधी. हा मास्तरांचा नेहमीचा नियम. जो सगळ्यात जास्त वेळ काही न मागता बसलाय, त्याला उठवलं तर कुणाचं बिघडत नाही. हजार वेळा त्यांनी असंच केलं होतं आणि हजार वेळा ते बरोबर ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला खुर्च्या भरल्या, तेव्हा ग्रंथपालबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "आज होणार का आमचं काम?"

"होईल. पाच मिनिटं."

"तुमचं तोंड बरं दिसत नाही, मास्तर. सुटी घ्या चार दिवस. पोरीला कुठे फिरवून आणा."

"घेतो," मास्तर म्हणाले, आणि त्यांना खरंच घ्यावीशी वाटली. ठकी काल बोलली होती. आज कदाचित आणखी बोलेल. या विचाराने गालातला बधिरपणा जरासा उतरल्यासारखा झाला आणि त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर पहिलं कनेक्शन गेलं. त्याच्या जागी रांगेतलं पुढचं आलं. नियम पुढच्याकडे वळणार, एवढ्यात पंखे एकदम मंद झाले आणि नियम तिथेच अडकून बंद पडला. एक तोडलं, तेवढंच.

टेबलावरचा फोन वाजला. ताई होत्या.

"अरे, तू घरी ये."

"काय झालं?"

"काही नाही, आता बरी आहे. मघाशी जरा... अशी बघत राहिली, हाक मारली तरी पापणी हलेना. मी हलवलं तिला. श्वास बंद पडला की काय वाटलं मला. पण मग एकदम भानावर आली. आणि अरे, बोलतेय! केवढं बोलतेय, ये तू."

मास्तर फोन ठेवून उठले, आणि दारापर्यंत गेल्यावर त्यांचे पाय थांबले. सगळ्यात जुनं आधी. मी पहिली असते, ठकी म्हणाली होती.

६

ताईंचा चेहरा फुलला होता. "बघ तरी!" म्हणत त्यांनी मास्तरांना आत ओढलं.

ठकी जेवणाच्या टेबलाशी बसली होती. एक पाय खुर्चीवर मुडपून घेतलेला, कोपर टेबलावर, हनुवटी तळव्यात.

"दमलास ना?" ती म्हणाली. "आधी पाणी पी. मग सांग काय ते."

त्यांच्याशी असं बोलणारं माणूस या घरात एकच होतं. ते असंच बसायचं.

मास्तरांना आनंद झाला. हे लपवण्यात काही अर्थ नाही. छातीत काहीतरी उकललं, डोळे भरून आले, वर्षभर न आलेलं सगळं एकदम आलं. ते समोर बसले आणि पाणी प्यायले. तिने विचारलं तेव्हा सर्व्हरचं सांगत राहिले, मुळापासून, हातवारे करून. ती मान डोलावत ऐकत होती. तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. हात लहान होता, पण ठेवण्याची रीत तीच. आपली मुलगी या वेळी कुठे आहे, हा प्रश्न बापाला पडायला हवा होता. तो त्यांना तेव्हा पडलाच नाही.

मग ती उठली आणि घर बघायला लागली. भिंतीवरून हात फिरवत स्वयंपाकघरात गेली, तिथून आतल्या खोलीत, मग न्हाणीघराचं दार उघडून आत डोकावली. परत येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"घर छान आहे," ती म्हणाली. "मागचं दार कुठे आहे?"

ताई हसल्या. "अगं वेडाबाई, तिसऱ्या मजल्यावर कसलं मागचं दार?"

"असतं ना, सगळ्या घरांना असतं," ती समजुतीच्या सुरात म्हणाली आणि पुन्हा भिंत चाचपायला लागली.

मास्तरांच्या बायकोने हे घर स्वतः पसंत केलं होतं. नऊ वर्षं ती इथे राहिली होती.

म्हणजे ही ती नव्हती. तो पाय मुडपून बसणं, तो हात, ते पाणी पी म्हणणं, हे हिने कुठून उचललं असेल? रांगेत बराच वेळ जवळ उभं राहिलं तर दुसऱ्याचं काय काय अंगवळणी पडत असेल, असा एक विचार त्यांच्या डोक्यात आला, आणि तो करायला नको होता. भिंत चाचपत ती त्यांच्या जवळून गेली. त्यांनी शर्टाची बाही किंचित पुढे केली. ती तशीच निघून गेली.

तेव्हा मास्तर घाबरले.

त्यांनी लॅपटॉप मिटला, वायर काढली, बॅटरी काढून खिशात घातली. काही फरक पडला नाही. रात्रभर ते दाराला खुर्ची लावून बसले, आणि ती आतून एकेका भिंतीवर बोटाने हळूच वाजवून बघत होती.

७

सकाळी ग्रंथालय उघडायच्या आत ते सर्व्हरच्या खोलीत होते. ताईंना एवढंच सांगून आले होते, की फोन चालू ठेव आणि तिच्यासमोर बसून राहा.

लॅपटॉपची बॅटरी खिशात असतानाही पडद्यावर घरच्या पत्त्यावरून आलेल्यांनी खुर्च्या अडवलेल्याच होत्या. आश्चर्य वाटायची वेळ निघून गेली होती. मास्तरांनी रांगेचा आकडा बघितला आणि नजर काढून घेतली. सर्व्हर बंद करता आला असता, पण मग रांगच मोडली असती, आणि ठकी रांगेत होती. उठवलेला शेपटाला जाऊन उभा राहतो, हे त्यांनी स्वतः लिहिलं होतं. एकेक खुर्ची रिकामी करत गेलं की कधीतरी तिची पाळी येईल. तिच्या जागेवर आत्ता जे बसलं होतं, ते त्यांनी तोडलं.

"ताई, तिला विचार, मी कोण."

फोनवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ताईंचा घोगरा आवाज. "श्वास धरला होता तिने. आता... थांब." मग लांबून, "ठकू, मी कोण गं?"

"आपण या घरच्या का?" ठकीचा आवाज अदबीने म्हणाला. "फार वेळ उभं केलंत."

मास्तरांनी तेही तोडलं. "परत विचार."

या वेळी ऐकू आला तो नुसता खोकला, म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा, खोल, न संपणारा. पुढच्या वेळी कुणीतरी तान्ह्या मुलासारखं रडलं. त्याच्या पुढच्याने ताईंना विचारलं, की बाकीचे येताहेत ना.

"काय करतोयस तू?" ताई रडत होत्या. "तू करतोयस ना हे? दर वेळी तिचा श्वास थांबतो. दर वेळी जास्त वेळ. ओठ निळे पडलेत तिचे. बंद कर!"

"ठकी मागे आहे, ताई. रांगेत आहे."

"कसली रांग? माझ्यासमोर बसलीय पोर!"

मास्तरांनी रांगेकडे बघितलं. इतके तोडले तरी आकडा हलल्यासारखा दिसत नव्हता. असं एकेक करत तिच्यापर्यंत पोचायला दिवस लागले असते, आणि तो छोटा देह आणखी दहा वेळासुद्धा हे सोसणार नव्हता. तोडायचं नाही, हे त्यांना कळलं. आणि थांबायचं, तर ठकीला बाहेर ठेवून थांबायचं.

खोलीत गरम व्हायला लागलं. मास्तरांची पाठ भिंतीला टेकली होती. एक उपाय उरला होता, जो नेहमीच उरतो. कुणाला उठवायचं नाही, कुणाला थांबवायचं नाही. खुर्च्या वाढवायच्या. सगळे आत आले म्हणजे त्यांच्यात तीही येईल.

सर्व्हर घेईल तेवढा मोठ्यात मोठा आकडा त्यांनी मर्यादेच्या जागी टाकला. एक क्षण थांबले. मग बटण दाबलं.

रांग ओसरायला लागली. इतकी भराभर, की आकडे वाचता येईनात. पंखे बंद झाले, एसी बंद झाले. रांगेत कुणीच उरलं नाही, तेव्हा त्यांनी फोन कानाला लावला.

"ताई?"

फोन बहुधा खाली पडला होता. ऐकू येत होता तो श्वास, एका मुलीच्या छातीत मावणार नाही एवढा.

"ठकी," मास्तर म्हणाले. "ठकू, मी बाबा."

श्वास थोडा थांबला. मग अगदी आतून, गर्दीच्या पार मागून कुणी ओरडावं तसा बारीक आवाज आला, तिचाच, शंकाच नको असा तिचा.

"बाबा, यांना जरा सरकायला सांग ना."